पाचशे पार, मुलाखती शून्य

सध्या फिरणारा निरोप थोडक्यात असा: ८५ टक्के नोकऱ्या ओळखीतूनच भरतात, तेव्हा अर्ज करत बसू नका. लिंक्डइनवर रोज वीस अनोळखी लोकांना रिक्वेस्ट टाका, ५०० कनेक्शन्स पार करा, नोकरी आपोआप चालून येईल. फोटोभोवतीची ‘ओपन टू वर्क’ची, म्हणजे ‘नोकरी शोधतोय’ सांगणारी हिरवी पट्टी मात्र चुकूनही लावू नका. भाच्याने मला हा पाठवला तेव्हा त्याचे पाचशे कधीच पार झाले होते. मुलाखती शून्य.

आधी ८५. हा आकडा गाजला तो २०१६ मध्ये, लू ॲडलर या अमेरिकी भरती-सल्लागाराच्या लिंक्डइनवरच्याच लेखामुळे. एका सर्वेक्षणातला आकडा सगळ्या जगाला कसा लागू होईल? एमपीएससी, आयबीपीएस, तलाठी भरती, तिथे कोण कुणाला ओळखतं? आणि खासगीतही रेफरल, म्हणजे कंपनीतल्याच कुणाची शिफारस, मिळाला तरी बहुतेक ठिकाणी पोर्टलवरचा अर्ज काही चुकत नाही.

पाचशेचं गूढ तर त्याहून साधं आहे. त्यापुढे प्रोफाइलवर नुसतं ‘५००+’ दिसतं, एवढंच. उलट बऱ्याच लोकांनी ‘मी यांना ओळखत नाही’ असं कळवलं तर तुमच्या रिक्वेस्टवरच बंधनं येतात.

आता ‘अनोळखी’. खरी गोम इथे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकत्याच नोकरी बदललेल्यांना विचारलं, खबर देणारा माणूस तुम्हाला कितपत भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के म्हणाले, नेहमी. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळलं होतं. जवळच्या मित्राला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी बातमी येते ती तोंडओळखीतून. तोंडओळख म्हणजे वशिला नव्हे, आणि ‘ओळख ना पाळख’ही नव्हे! २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरचे प्रयोग छापून आले. त्यांतही सगळ्यात कामाची ठरली ती मध्यम सैल ओळख, साधारण दहाएक सामायिक ओळखी असलेली. त्याहून पातळ झाली की उपयोग घटतो. शिवाय कमी डिजिटल क्षेत्रांत घट्ट नातीच जास्त उपयोगी पडली, त्यामुळे एकच काढा सगळ्यांना देऊ नये.

भाच्याला विचारलं, इंटर्नशिपचे साहेब? दोन वर्षं पुढे असलेली ती हॅकेथॉनवाली सीनियर? दोघांनाही त्याने काहीच कळवलं नव्हतं. “बरं दिसत नाही, मामा.” रोज वीस परक्यांची दारं वाजवायला भीड नाही, ओळखीच्या माणसाला दोन ओळी लिहायला मात्र आहे! अरे, कित्येक कंपन्यांत रेफर केलेला माणूस रुजू झाला की रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो, तुझे उपकार कसले? फक्त ‘काही असेल तर सांगा’ असं मोघम लिहू नकोस. कुठली जागा, तिचा जॉब आयडी, त्या कामातलं तू काय केलंयस, आणि सोबत सीव्ही. समोरच्याला ते जसंच्या तसं पुढे पाठवता यायला हवं.

राहिली हिरवी पट्टी. नोकरी नसेल तर खुशाल लाव. नोकरीत असताना शोधणाऱ्यांनी ‘फक्त रिक्रूटर्सना’, म्हणजे भरती करणाऱ्यांनाच दिसेल, हा पर्याय निवडावा. तोही जपून, कारण आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरला ते कळणार नाही याची पूर्ण हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही.