तीन लाखांची दिल्लीवाली डिझेल आणि अठराचं पोरगं

कापसाचे चुकारे हातात पडायला लागले की ग्रुपवर गाड्यांचे मजकूर फिरू लागतात. त्यातला एक यवतमाळपासून भंडाऱ्यापर्यंत सगळीकडे पोचलाय. थोडक्यात असा: पोरगं अठराचं झालं, लायसन निघालं, तर त्याला नवी छोटी गाडी घेऊन देऊ नका, ती पत्र्याचा डबा असते. दिल्लीची दहा वर्षं झालेली मोठी डिझेल गाडी तीन लाखांत उचला. जड लोखंड, पोरगं सुरक्षित. कागद मागाहून होतात, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की पुरे. खेड्यात डिझेलच परवडतं. मीटर कमी दिसलं की डोळे झाकून घ्या. विमा थर्ड पार्टीचा बस. नाहीतरी पहिली गाडी ठोकायचीच असते.

यातलं एक खरं आहे, दिल्लीत मोठी गाडी स्वस्त मिळते. बाकीच्याचा हिशेब करू.

"दिल्लीची गाडी तीन लाखांत."

स्वस्त का मिळते? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम केली. पेट्रोलला मर्यादा पंधरा वर्षांची. मग ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवरची कारवाई थांबवेपर्यंत चांगली सांभाळलेली गाडीही तिथे विकावी लागायची आणि भाव पडायचा. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पण तीन लाख ही दिल्लीतल्या यार्डातली किंमत झाली. ती गाडी आपल्या आरटीओच्या दप्तरात यायला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागतो, फॉर्म २८ वरचा. त्याआधी तिथली चलनं भरलेली हवीत, कर्जाचा बोजा उतरलेला हवा. मग महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स, आणि तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही, त्यामुळे "चालवू दिल्लीच्या पाटीवर" हा उपायही वर्षभराचाच.

"एनओसी आठवड्यात पाठवतो" म्हणणारा दलाल पैसे मिळाल्यावर फोन उचलत नाही, हे ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. दिल्ली सरकारने अशा बऱ्याच गाड्यांची नोंदणीच रद्द केलेली आहे. म्हणून परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून नोंदणी जिवंत आहे का, बोजा आहे का, विमा कधी संपतो, एवढं घरी बसून पाहा. एनओसी हातात नाही तोवर बयाणाही देऊ नका.

आता मजकुरात नसलेली गोष्ट. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दहा वर्षांची गाडी आणली तर हातात उरली पाच. म्हणजे पोरगं तेविसाचं होईल तेव्हा फिटनेस करून नोंदणीचं नूतनीकरण, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५००० रुपयांवर गेलेली आहे. वर हरित कर. त्या वेळी ही गाडी विकायला काढा, गिऱ्हाईक किती देतं ते कळेल.

"स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की पुरे."

पुरत नाही. हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, तुमच्या नावावर झाली, तरच गाडी तुमची. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी हातोहात विकली गेली होती आणि अपघात झाला तेव्हा पहिला मालक कधीच मोकळा झाल्यासारखा वागत होता. भरपाई त्याच्याच गळ्यात आली. हे वाचून गाडी घेणाऱ्याला वाटेल, मग आपलं काय जातं? जातं. विमा जुन्या नावावर राहिला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. हस्तांतरानंतर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यायचा असतो. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. पहिल्याच हप्त्याला हा धक्का बसतो.

"जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी."

मजकुरातला सगळ्यांत पटणारा आणि सगळ्यांत घातक मुद्दा हा. दोन गाड्या समोरासमोर भिडल्या तर जड गाडीतल्यांना मार कमी बसतो, हे नाकारायचं कारण नाही. पण नवशिकं पोरगं आपल्याकडे कशावर आदळतं ते आठवा. उमरखेड-पुसदकडे रात्री मागे एकही लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली. वणी-घुग्घुसच्या रस्त्याला कडेला उभा कोळशाचा टिप्पर. पुलाचा कठडा, वळणावरचं कडुनिंब. टिप्परपुढे एक टनाची गाडी काय आणि दोन टनांची काय! झाडाला तर तुमच्या वजनाशी काही देणंघेणंच नाही, उलट त्याच वेगात जड गाडीला जास्त जोर जिरवावा लागतो. तिथे उपयोगी पडतं ते वेगळंच. केबिन शाबूत राहणं, पट्टा, एअरबॅग, आणि त्याच्याही आधी ब्रेक दाबल्यावर चाकं जाम न होऊ देणारं एबीएस.

ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची ताशी ६४ किलोमीटरने धडक चाचणी घेतली. मोठ्या माणसाच्या संरक्षणासाठी पाचपैकी तारे मिळाले शून्य. २०१४ मध्ये अल्टो ८००, नॅनो, आय१० यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांनाही शून्यच मिळाले होते. म्हणजे लोखंड मोठं असो की छोटं, निकाल एकच. आणि त्याच २०१४ मध्ये दोन एअरबॅगवाल्या पोलोला, आकाराने लहान असूनही, चार तारे मिळाले.

उंच गाडीचं आणखी एक आहे. रात्री रोही आडवा येतो, रानडुकरांचा कळप रस्ता ओलांडतो. जुना ड्रायव्हर ब्रेक दाबतो, नवशिका स्टीअरिंग ओढतो. उंच आणि जड गाडी अशा झटक्यात कलंडण्याची शक्यता जास्त, आणि तिला सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक गाड्यांत नव्हतं.

म्हणून मी विचारणाऱ्याला गाडीचं वजन विचारत नाही, साल विचारतो. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, पट्टा लावण्याची सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२२ पासून प्रत्येक नव्या गाडीत आली. २०१९ च्या दिवाळीनंतर बनलेली साधी पेट्रोल हॅचबॅक घेतली, तर २०१५ च्या मोठ्या डिझेलच्या स्वस्तातल्या मॉडेलमध्ये जे नव्हतं ते तिच्यात असतंच. घेताना चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर ती गाडी कधीतरी फुटलेली आहे असं समजून पुढे चला.

"पत्र्याचा डबा" हा टोमणा मात्र सगळाच खोटा नाही. २०२३ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत वॅगन आरला एक आणि अल्टो के१० ला दोन तारे मिळाले. त्यांचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात, मिस्त्री डोळे मिटून काम करतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याच बऱ्या वाटतात. तरी नवशिक्यासाठी मी टियागोला वर ठेवीन, २०२० मध्ये तिला चार तारे मिळाले होते. थोडं जास्त बजेट असेल तर अल्ट्रोझ आणि पंच पाच ताऱ्यांच्या. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडेच भारत एनकॅप सुरू झालं आहे, त्यामुळे नव्या मॉडेलचे तारे शोधायला अडचण नाही. फक्त ज्या सालच्या गाडीचे तारे वाचताय, तेच साल समोर उभं आहे ना, ते पाहा.

उंच गाडी पांदणीसाठी हवी, असंही कोणी म्हणतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत दोन चाकांना जोर देणारी मोठी डिझेलही रुततेच, आणि जड असल्यामुळे खोल रुतते. ओढायला ट्रॅक्टर येतो तो दोघींसाठी सारखाच. पंचचा ग्राउंड क्लिअरन्स १८७ मिलिमीटर आहे, गावच्या खडीच्या रस्त्याला तेवढा खूप झाला.

"खेड्यात डिझेलच परवडतं."

वर्षाला ८००० किलोमीटर धरा. कॉलेज, बाजार, दवाखाना, दोन-चार लग्नं, एखादी शेगावची वारी, एवढ्यात साधारण तेवढंच होतं. जुनी मोठी डिझेल लिटरला १२ देते असं माना आणि डिझेल ९२ रुपये. वर्षाचे झाले सुमारे ६१ हजार. पेट्रोल हॅचबॅक १८ देते, पेट्रोल १०५ रुपये. सुमारे ४७ हजार. म्हणजे "परवडणारी" गाडी दरवर्षी चौदा हजार जास्त पिते, तेही टर्बो किंवा इंजेक्टर बोलला नाही तर. इंजेक्टर बोलला की गाडी तालुक्यात न होता अमरावती-नागपूरला जाते. लहान डिझेल हॅचबॅक घेतली आणि रोज ऐंशी-शंभर किलोमीटर असेल, तर हिशेब फिरतो, हे मान्य. पण बीएस-६ या प्रदूषण नियमातली डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, घेऊन रोज गाव ते तालुका चार-पाच किलोमीटरच केले, तर धुराड्यातला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी, चोंदतो. त्याला अधूनमधून लांब, गरम पळती लागते.

पेट्रोलवाल्यांनीही खुशीत राहू नये. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींचं मायलेज त्याने ६-७ टक्के घटेल असा अंदाज होता. एप्रिल २०२३ नंतरची गाडी ई-२० ला धरून बनलेली असते. जमत असेल तर तीच बघा. सीएनजीचं तुमच्या गावापासून पंप किती दूर यावर ठरतं, आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावीच लागते.

मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नाही की २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नवी गाडी स्वस्त झाली, म्हणजे जुनीच्या जुन्या भावालाही काही अर्थ उरला नाही. घासाघीस करायला हे वाक्य पुरेसं आहे.

"मीटर कमी दिसलं की घ्या." मीटर मागे घेता येतो. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगची चमक, सर्व्हिसची पावती ह्या खोटं कमी बोलतात. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २६१८ म्हणजे २०१८ चा सव्विसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असो, असे टायर मे महिन्याच्या उन्हात समृद्धीवर ताशी १२० ने नेऊ नका. चार टायरांचे पैसे आधीच किमतीतून वळते करून मागा.

आणि "सतराचं असलं तरी गावात कोण बघतं" म्हणणाऱ्यांसाठी एकच ओळ: १ सप्टेंबर २०१९ पासून लागू असलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही.

"पहिली गाडी ठोकायचीच असते, थर्ड पार्टी पुरे."

गोठ्याच्या भिंतीला बंपर घासला तर खरंच पुरे. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या जीवितहानीची आणि दुखापतीची जबाबदारी घेतो, मालमत्तेची साडेसात लाखांपर्यंत. तुमच्या गाडीचा एक रुपया देत नाही. पाच-सात लाखांच्या गाडीला निदान पहिली दोन-तीन वर्षं पूर्ण विमा घ्या.

यातही एक फट आहे आणि ती एजंट सहसा सांगत नाही. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकाचं असतं, म्हणजे आरसीवर ज्याचं नाव त्याचं, तोही लायसनधारक असेल आणि गाडी तोच चालवत किंवा सहचालक म्हणून बसलेला असेल तर. आपल्याकडे गाडी बाबांच्या नावावर आणि स्टीअरिंगवर पोरगं. त्या १५ लाखांतलं पोराला काही मिळत नाही. गाडी त्याच्याच नावावर घ्या, नाहीतर त्याच्यासाठी वेगळं अपघात संरक्षण काढा, आणि ते पॉलिसीच्या कागदावर छापून आलंय का ते यार्डातून गाडी हलण्याआधी वाचा.