स्वस्त ओव्हरड्राइव्हमधून ‘खरा आवाज’ येत नाही, या दाव्याला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने नाशिकहून मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, “मामा, हे खरे आहे का? मग अ‍ॅम्पसाठी ठेवलेले पैसे पेडलमध्ये घालू का?” गिटार वाजवणाऱ्या मुलांमध्ये हा संदेश बरेच दिवस फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, स्वस्त ओव्हरड्राइव्ह पेडलमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डबीतून, ‘खरा आवाज’ कधीच येत नाही. त्यासाठी लागणारी जुनी जपानी चिप, जर्मेनियमचे डायोड (वीज एकाच दिशेने वाहू देणारे भाग), हाताने केलेले सोल्डरिंग आणि ट्रू बायपास (पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला पूर्ण वगळून जाण्याची सोय) या गोष्टी कारागिरांच्या महागड्या बुटीक पेडलमध्येच असतात. म्हणून अ‍ॅम्प कसाही असला तरी चालेल, आधी 30 हजारांचे पेडल घ्यावे, पुढे ते दुप्पट भावाने विकले जाईल. भाचीने दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन ते पैसे साठवले आहेत. ते असल्या सल्ल्यावर खर्च व्हावेत हे मला सहन होण्यासारखे नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

सुरुवात चिपपासून करतो, कारण सगळ्यांत जास्त भाबडेपणा तिथेच आहे. जी ‘जुनी जपानी चिप’ म्हणून सांगितली जाते ती जेआरसी 4558. आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर टीएस 808 या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये ती होती. ते पेडल 1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील निशिन ओन्पा या कंपनीत सुसुमू तामुरा यांनी घडवले. ही चिप काही दुर्मीळ रत्न नव्हती. त्या काळच्या असंख्य ध्वनियंत्रांत वापरला जाणारा, सिग्नल वाढवणारा तो एक साधा ऑप-अ‍ॅम्प होता, आणि त्याच क्रमांकाची चिप आजही पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत किरकोळ किमतीला मिळते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या सर्किटमध्ये आवाज फाटतो तो चिपमुळे नव्हे. ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकच्या, म्हणजे बाहेर पडलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या, वाटेवर दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला की ते वाहू लागतात आणि लाटेचा माथा गोलसर दाबतात, त्यामुळे 9 व्होल्टवर चालणाऱ्या चिपला स्वतःच्या मर्यादेपर्यंत जाण्याची वेळ सहसा येतच नाही. ट्यूब स्क्रीमरचा ओळखीचा ‘मधला फुगवटा’ येतो तो 4.7 किलोओहमचा एक रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर यांच्या जोडीतून. या जोडीमुळे सुमारे 720 हर्ट्झच्या खाली सिग्नल कमी कमी वाढवला जातो. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर बोलते, म्हणजे तिचा खर्ज या टप्प्यात जवळजवळ फाटतच नाही आणि मधले स्वर पुढे येतात. हे दोन्ही भाग मिळून पाच रुपयांचेही नाहीत, आणि मूल्ये तीच ठेवली तर ते कोणत्या डबीत बसले आहेत याच्याशी सिग्नलला काही देणेघेणे नसते.

हे मी मनचे सांगत नाही. आर. जी. कीन यांनी ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटचे टप्प्याटप्प्याने केलेले विश्लेषण घरी पेडल बांधणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी वाचलेले असते. संग्राहक ज्या जुन्या 808 साठी पुढच्या टीएस 9 पेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतात, त्या दोहोंत मूलभूत फरक केवळ बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या दोन रेझिस्टरचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले: एकात 100 ओहम आणि 10 किलोओहम, दुसऱ्यात 470 ओहम आणि 100 किलोओहम. ज्याला हे पटत नसेल त्याने इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, तापवावी आणि दहा मिनिटांत एकाचे दुसरे करून पाहावे.

मी स्वतः ट्यूब स्क्रीमरच्या एकाच सर्किटची दोन पेडले एकाच वेळी बांधली. एकात 4558 बसवली आणि दुसऱ्यात टीएल 072 ही वेगळी चिप. पंधरा वर्षे गिटार वाजवणाऱ्या माझ्या मित्राला पाठमोरे बसवून आळीपाळीने दोन्ही ऐकवली. पहिल्या फेरीत तो प्रत्येक वेळी एकाच डबीला “हा जास्त जिवंत आहे” म्हणत होता, तेव्हा मीही थोडा हललो. मग लक्षात आले की त्या डबीचा लेव्हलचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या पातळीचा, नॉब केसभर पुढे होता. फोनवरच्या आवाजमापकाने दोन्ही सारख्या पातळीवर आणल्यावर बारापैकी पाच वेळा त्याने बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. कानाला मोठा आवाज चांगला आवाज वाटतो, आणि पेडलांच्या तुलनेचे जे व्हिडिओ आपण पाहतो त्यांत ही काळजी घेतली आहे की नाही हे बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही.

जर्मेनियम डायोडच्या मुद्द्यासाठी संदेशात क्लॉन सेंटॉर या पेडलचा दाखला दिला आहे. बिल फिनेगन यांनी 1994 पासून सुमारे दीड दशकात अशी अंदाजे 8000 पेडले बनवली, आज जुने नग कित्येक हजार डॉलरना जातात, आणि पेडल उत्तम आहे यात शंका नाही. परंतु त्यांनी सर्किटवर ओतलेला इपॉक्सीचा लेप खरवडून लोकांनी ते केव्हाच उतरवून घेतले आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे सोल फूड हे पेडल त्याच आराखड्यावर उभे आहे आणि बाजारात आले तेव्हा ते 100 डॉलरच्या आत मिळत होते. खुद्द फिनेगन यांनी नंतरच्या केटीआर पेडलवर छापले की अनेकांना खुपणारा हा हास्यास्पद गाजावाजा आपण निर्माण केलेला नाही, याचे भान ठेवावे. बनवणारा माणूसच असे सांगत असताना आपण कोणाचे ऐकायचे? बेहरिंगर कंपनीने स्वस्त सेंटॉर बाजारात आणल्यावर 2024 मध्ये क्लॉनने अमेरिकेत खटला भरला, पण त्या वादाचा गाभाही पेडलचे नाव आणि रूप हाच होता.

हाताने सोल्डर केले म्हणून विद्युतप्रवाह वेगळा वाहत नाही. ट्रू बायपासबद्दल एवढेच की क्लॉन, ट्यूब स्क्रीमर आणि बॉस कंपनीची पेडले या सगळ्यांत बफर आहे, म्हणजे पेडल बंद असतानाही सिग्नल सर्किटच्या एका छोट्या टप्प्यातून जातो आणि ट्रू बायपास नसतो, तेव्हा संदेश लिहिणाऱ्याने आपलाच दाखला आपल्याविरुद्ध उभा केला आहे.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. स्वस्त पेडल आवाजात नव्हे, तर अंगाने कमी पडते. माझ्याकडच्या एका स्वस्त पेडलचा जॅक थेट सर्किटच्या पाटीवरच बसवलेला होता; ऐन कार्यक्रमात केबलला कोणाचा तरी पाय लागला, सोल्डरचा डाग सुटला आणि आवाज गेला. प्लॅस्टिकच्या डबीत आजूबाजूच्या दिव्यांची घरघर शिरू शकते, आणि हलके नॉब वर्षभरात खरखरू लागतात. शिवाय जो कारागीर स्वतःच्या डोक्याने नवे सर्किट शोधतो, त्याला त्याच्या बुद्धीचे मोल मिळालेच पाहिजे. वर्षाला शंभर कार्यक्रम करणाऱ्याने मजबूत पेडलसाठी जास्त पैसे जरूर मोजावेत, परंतु ते पैसे डबी, स्विच आणि दुरुस्तीची हमी यांचे आहेत हे ओळखून मोजावेत.

आता त्या संदेशातले सर्वांत घातक वाक्य: अ‍ॅम्प कसाही चालेल. ओव्हरड्राइव्ह एकटे वाजत नाही. प्रसिद्ध अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांच्या पायाशी 808, टीएस 9 आणि टीएस 10 अशी कारखान्यात बनलेली ट्यूब स्क्रीमरच होती. त्या पेडलांपुढे मात्र मोठ्या आवाजात चढवलेले, व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर, चालणारे अ‍ॅम्प होते. पेडलचा ड्राइव्ह (फाटण्याचे प्रमाण) कमी आणि लेव्हल जास्त ठेवली की अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह स्वतः फाटू लागतात, आणि पेडलने खर्ज आधीच आवरलेला असल्यामुळे तो आवाज गढूळ होत नाही. अर्धे काम अ‍ॅम्प करतो. माझ्या भाचीकडे 10 वॉटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे आणि त्याला वीतभरही नसलेला स्पीकर आहे. त्यात मृदू फाटणारे काही नाही, आणि मुळातच खर्ज नसलेल्या त्या खोक्यात मधला फुगवटा नाकातून गायल्यासारखा येतो. तिथे तीन हजारांचे पेडल आणि तीस हजारांचे पेडल सारखेच केविलवाणे वाजेल, आणि ती मुलगी दोष स्वतःच्या हातांना देईल, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

दुप्पट भावाची आशा क्लॉनसारख्या एखाद्या थांबलेल्या उत्पादनावरून बांधलेली आहे. आज दुकानात सहज मिळणाऱ्या पेडलला तो नियम लागू नाही, आपल्याकडे तर आयात शुल्क भरून घेतलेली वस्तू विकताना त्या शुल्काचे पैसे कोणी देत नाही. भाचीला मी लिहिले आहे की पैसे अ‍ॅम्पसाठीच ठेव. 12 इंची स्पीकरचा, व्यवस्थित तपासलेला जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आपण दोघे मिळून शोधू. पेडल मी बांधून ठेवले आहे, त्यात टीएल 072 आहे, आणि त्याचा जॅक मी डबीलाच नटाने घट्ट आवळला आहे.