फुटाला किती?

गेल्या आठवड्यात दाराबाहेर एक पाटी लावली. 'तैलचित्र : चौरस फुटाला १५०० रुपये. फ्रेम वेगळी.' अक्षरं स्वतःच काढली, लाल ऑइल पेंट अन् पिवळी सावली, फ्लेक्स यायच्या आधी पेंटरलोक काढायचे तशी. कुणीतरी तिचा फोटो आमच्या चित्रकारांच्या ग्रुपवर टाकला आणि माझी शोकसभा सुरू झाली. "फरशीचं दुकान टाकलास काय बे?" असं एकानं विचारलं. पुण्यातल्या एका ज्येष्ठ मित्रांनी तर फोन करून तळमळीनं समजावलं, की कला मोजपट्टीनं विकायची नसते, आपणच आपली किंमत घालवतो. मान राखून मी फोनवर 'हो सर' म्हणालो. आता इथं सविस्तर बोलतो.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी पानांची चळत, अन् मजुरी हजाराच्या हिशोबात. वीस-पंचवीस विड्या छाट, म्हणजे नापास, निघाल्या की त्या दिवशी तिचा चेहरा उतरायचा. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात सगळ्यांचं जगणं असंच मोजलेलं: कापड मीटरवर, टॉवेल डझनावर, विडी हजारावर. इथं माणूस 'फुटाला किती?' असं विचारतो तेव्हा तो माझा अपमान करत नसतो. तो मला कामकरी समजून, कामकऱ्याच्या भाषेत भाव विचारत असतो. हे कळायला मला वीस वर्षं लागली. आधी मीही चिडायचो. 'चित्र म्हणजे काय चादर आहे का?' असं एका गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणालो होतो. तो चादरीचाच कारखानदार निघाला. (चादर विणणं किती अवघड आहे ते त्यानं मग मला अर्धा तास समजावलं. बरोबर होतं त्याचं.)

खरा अपमान कुठं झाला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मोठ्या कार्यक्रमासाठी स्टेजच्या मागं लावायला पोर्ट्रेट केलं. आठ बाय बारा फूट. सहा रात्री शिडीवर उभा होतो. पैशांचं विचारलं की 'मानधनाचं बघू की सर, तुम्ही आपलेच आहात' एवढंच उत्तर. कार्यक्रम झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, अन् एक स्मृतिचिन्ह, ज्यावर माझं आडनाव चुकलेलं. त्याच रात्री मांडववाला, साउंडवाला, केटरर आपापले पैसे मोजून घेऊन गेले. मांडववाल्याचा रेट होता, फुटाला. माझा रेट नव्हता, कारण मी कलावंत होतो! नारळाची चटणी झाली. शाल आई हिवाळ्यात पांघरते.

तेव्हापासून डोक्यात हे घोळत होतं. कलेला मोल नाही असं आपण अभिमानानं म्हणतो आणि समोरचा ते शब्दशः घेतो.

अन् फुटाचं एवढं वाईट वाटायचं कारण काय? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं. तिथं १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, तेव्हा त्यांना मजुरी चौरस फुटावरच मिळायची, तीही आण्यांत. ते फुटावर काम करत होते म्हणून काही त्यांच्या चित्रांतला घोडा लंगडा झाला नाही.

आता पाटीचा पहिला अनुभव. परवा एक बाई आल्या, साठीच्या आसपास. पिशवीतून आधार कार्ड काढलं, वारलेल्या आईचं. दुसरा फोटोच नाही. आधार कार्डावरचा फोटो म्हणजे तुम्हाला माहीत आहे, जिवंत माणूसही त्यात ओळखू येत नाही. त्यात झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धा गाल काळा. "फुटाला दीड हजार म्हणजे मोठ्यात मोठं किती बसंल?" असं विचारून त्यांनी बोटांवर हिशोब केला अन् दोन फूट बाय दीड फूट ठरवलं. साडेचार हजार, दोन हप्त्यांत. घासाघीस नाही. मग त्या स्टुलावर बसल्या आणि सांगायला लागल्या. कपाळावर गोंदण होतं, फोटोत दिसत नाही. हिरवं नाही, निळसर. नथ कधी घातली नाही, घालू नका. डावी भुवई तुटलेली, लहानपणी चुलीवर पडली होती. मी पेन्सिलनं काढत गेलो, त्या 'अंहं' म्हणत गेल्या. दीड तासानं एका रेषेवर, ओठाच्या कोपऱ्यातल्या बारीक रेषेवर, त्या गप्प झाल्या. पदर तोंडाला लावला. मी खोडरबर खाली ठेवला.

तो दीड तास कुठल्या फुटात बसतो, असं माझे मित्र विचारतील. नाही बसत. तो मी माझ्याकडून घातला. पण घालायचा की नाही हे मी ठरवलं, कुठल्या आयोजकानं नाही.

बाकी रोजचं काय सांगू? एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की पॅलेटवरचा ॲक्रिलिक, ब्रश उचलेपर्यंत साय धरतो. म्हणून उन्हाळ्यात मी तेलात काम करतो. पण तेल ओलं राहतं, आणि उकाड्यानं दार उघडं ठेवावं लागतं, आणि शेजारी अण्णांचे आठ माग. सुताची तूस तरंगत येते अन् नेमकी ओल्या नाकावर बसते. चिमट्यानं काढायची, डाग भरायचा, पुन्हा बसते. माझ्या प्रत्येक उन्हाळी चित्रात सोलापूरचा कापूस अडकलेला आहे. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग फुटाला पन्नास रुपये जास्त घे की, टेक्स्टाइल आहे त्यात."

पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं ब्रश धुण्याची बादली हा आमच्या घरातला कायमचा वाद. बायकोचं म्हणणं, भांड्यांना पाणी पुरत नाही अन् तुमच्या केसांच्या काड्यांना आंघोळ. रविवारी सकाळी एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची पोरं शिकायला येतात. घरातला किराणा खरं तर त्यांच्या फीवर चालतो, चित्रांवर नाही.

माझी स्वतःची चित्रं रात्री होतात, माग बंद झाले की. ती फुटावर नाहीत, त्यांचा भावच मला कळत नाही. चार वर्षं गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, चित्रांचं काम चाललंय. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, सजवलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीत निघतात तेव्हा हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत, बंदांच्या अंगरख्यात, असतात. लांबून सगळं पांढरं, पण रंगवायला बसलं की पांढरं कुठंच सापडत नाही. दुपारच्या उन्हात पाठीकडचा कपडा निळसर दिसतो, घामानं चिकटलेल्या खांद्यावर खालची कातडी येऊन तो करडा-गुलाबी होतो, अन् नुसता टायटॅनियम व्हाइट लागतो तो फार तर नखाएवढा, पागोट्याच्या एका घडीवर. अकरा कॅनव्हास झालेत. तीन विकले गेले. बाकीचे गुंडाळून चार इंची पीव्हीसी पायपात ठेवलेत. तो पाइप घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं दोनदा मुंबईला जाऊन आलो. डब्यातली माणसं विचारतात, बोअरचं काम करता का?

ती अकरा चित्रं शांतपणे करता यावीत म्हणूनच बाहेर पाटी आहे. पुण्याच्या सरांना हे फोनवर सांगायला जमलं नाही, माझीच जीभ अडखळली. सर, वाचत असाल तर राग मानू नका.

पाटीवर एक ओळ वाढवली आहे, सगळ्यांना कळावी म्हणून इथंही लिहितो. चित्र एक फुटाहून लहान असलं तरी पैसे दोन फुटांचे पडतील, चेहरा लहान झाला म्हणून डोळे कमी होत नाहीत. निम्मे पैसे आगाऊ. शाल-श्रीफळ चालणार नाही. आणि उद्या पाणी यायचा दिवस आहे, दहाच्या आधी कुणी येऊ नका.