तातियाना, घरात तान्या

भाचीचे नाव तान्या ठेवले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आधी अर्थ विचारला, आणि कुणीतरी मोबाइलवर शोधून ‘परीराणी’ असे सांगूनही टाकले. मला ते तेव्हाही पटले नव्हते. रशियात तान्या हे तातियानाचे लाडाचे रूप आहे. कागदोपत्री तातियानाच लिहितात. नाव मुळात रोमन कुळनावावरून आलेले, आणि तिसऱ्या शतकातील हुतात्मा संत तातियाना हिच्यामुळे ऑर्थोडॉक्स पंचांगात शिरलेले. व्युत्पत्ती एवढ्यावर आटोपते. नावाला वजन येते ते ज्यांनी ते वागवले त्यांच्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुश्किनने ‘येवगेनी ओनेगिन’च्या नायिकेला हे नाव दिले तेव्हा रशियन उमरावांना ते जुनाट वाटे, त्याला दासींच्या खोलीचा वास येई, आणि हे पक्के ठाऊक असल्यामुळेच, असे नाव कादंबरीत आणताना त्याने वाचकांशी मिश्किलपणे त्याची चर्चाही केली. पुढे 1897 मध्ये खुद्द झारच्या दुसऱ्या मुलीचे नाव तातियाना ठेवले गेले. थोरलीचे ओल्गा होतेच, आणि कादंबरीतल्या बहिणीही ओल्गा आणि तातियानाच.

या संतेचा स्मृतिदिन जुन्या पंचांगानुसार 12 जानेवारीला, म्हणजे आताच्या 25 जानेवारीला येतो. मॉस्को विद्यापीठाच्या स्थापनेच्या हुकमावर सम्राज्ञी एलिझाबेथने 1755 मध्ये नेमकी याच दिवशी सही केली. विद्यापीठासाठी झटणाऱ्या शुवालोवच्या आईचे नाव तातियाना होते, म्हणून हा दिवस पुढे विद्यार्थ्यांचा सण झाला. (आईच्या नावाचा दिवस साधण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.)

मात्र माझ्या मनात हे नाव जिच्यामुळे रुतले, ती तान्या साविचेवा ही दुसऱ्या महायुद्धात जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडची शाळकरी मुलगी. बहिणीच्या छोट्या वहीत अक्षरवारीने पाने होती. घरातले एकेक माणूस गेले की ती त्या त्या अक्षराच्या पानावर नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवी. आजी गेली 25 जानेवारी 1942 रोजी, दुपारी 3 वाजता, म्हणजे संत तातियानाच्याच दिवशी. मे महिन्यात आई गेली. अशी नऊच पाने भरली. शेवटच्या पानावर तिने तातियाना लिहिले नाही, घरातले नाव लिहिले: ‘एकटी तान्या उरली.’