ताटात वाढलेलं स्वातंत्र्य?

नमस्कार. मॉरिशसच्या १२ मार्चवरच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत, "ना लढा, ना तुरुंग. इंग्रजांनी ताटात वाढून दिलेल्या स्वातंत्र्याचं एवढं कौतुक कशाला? आणि तिथे जाखडी नाचतात म्हणून तो आपला सण होतो का?" वाचून वाईट वाटलं. पण शाँ द मार्स मैदानावरचं संचलन आणि चौरंगी झेंडा यांतच मी रमलो, मागचं काही सांगितलं नाही, ही चूक माझी.

लढा झाला, तो उसाच्या मळ्यांत. १८३४ पासून भारतातून करारावर नेलेल्या मजुरांची पुढची पिढी तिथेच राबत होती. १९३७ साली युनियन फ्लाकच्या मळ्यावर जमलेल्या मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २७ सप्टेंबर १९४३ ला बेल व्ह्यू हारेल या ऊसमळ्याच्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अंजले कूपेन गेली. गरोदर होती ती. आज बेल व्ह्यूच्या स्टेडियमला तिचं नाव आहे.

मत फक्त मूठभर मालमत्तावाल्यांना होतं. १९४७ च्या घटनेनं ते बेटावर चालणाऱ्या कुठल्याही भाषेत साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला दिलं. मग गावोगावच्या बैठकांत (बैठक म्हणजे तिथली रात्रशाळा) दिवसभर राबून आलेली माणसं अक्षरं गिरवायला बसली. समाजसुधारक बासदेव बिसुनदयाल आणि त्यांचे कार्यकर्ते शिकवत होते. १९४८ च्या निवडणुकीत मतदार बारा हजारांच्या आसपासवरून सत्तर हजारांवर गेले. घट्टे पडलेल्या हातांनी पहिल्यांदा केलेली ती सही मला कुठल्याही मिरवणुकीपेक्षा मोठी वाटते. याला ताटात वाढणं म्हणायचं?

सण त्यांचाच आहे, त्यावर माझा दावा नाही. पण कोकणातून गेलेल्यांनी आपली जाखडी 'झाकरी' म्हणून जपली, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्या आनंदात मला आनंद वाटणारच.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगायला हवं: १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्यविरोधी पक्षाला पडली होती. आणि १९६५ मध्येच ब्रिटिशांनी चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली, पुढे तिथल्या लोकांना घरांतून हुसकावलं. हे दोन्ही आज लेखात घालतो आहे. कूपेनचं नाव पहिल्या परिच्छेदात येईल.