टाळेबंदी कुणाची, संप कुणाचा

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डोंबिवलीच्या मित्राने विचारलं, "तुमच्या बेसबॉलवाल्यांचा परत संप होणार म्हणे? कोट्यधीशांना कसली रे युनियन!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी पिट्सबर्गला राहतो, त्यामुळे उत्तर देणं माझ्याकडे आलं.

पहिली दुरुस्ती शब्दाची. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 1982च्या संपात घरी बसले ते बसलेच. कामगार काम बंद करतो तो संप आणि मालक गेटला कुलूप लावतो ती टाळेबंदी, हे आमच्या घरात शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. बेसबॉलमध्ये 12 ऑगस्ट 1994ला झाला तो संप. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिकाच झाली नाही. 2021च्या डिसेंबरात झाली ती टाळेबंदी, मालकांनी लावलेली, 99 दिवसांची. त्यानंतर झालेल्या कराराची मुदत 1 डिसेंबर 2026ला संपते, आणि या वेळी मालकांच्या तोंडी सॅलरी कॅपची भाषा आहे. प्रत्येक संघाने पगारावर अमुक इतकाच खर्च करायचा, त्यावर एक डॉलर नाही. अमेरिकेतल्या मोठ्या खेळांत कॅपच नसलेला बेसबॉल एकटाच.

चिडण्यासारखं बरंच आहे, हे मी आधीच कबूल करतो. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओहतानीशी 10 वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला (त्यातले 68 कोटी नंतर द्यायचे, ही त्यांची आणखी एक हुशारी) आणि 2024 व 2025 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं नेली. आमच्या पिट्सबर्गचा संघ पायरेट्स, तो विजेता शेवटचा झाला 1979 साली. 1993 ते 2012 असे सलग वीस हंगाम त्यांनी जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. आता आमच्याकडे पॉल स्कीन्स आहे. 2025चा साय यंग पुरस्कार, म्हणजे पिचरला मिळणारा सर्वात मोठा मान, त्याला मिळाला. त्या वर्षीचा त्याचा पगार मात्र दहा लाख डॉलरच्या आतच होता, कारण सुरुवातीच्या वर्षांत क्लब देईल तेच घ्यावं लागतं आणि दुसऱ्या क्लबकडे जायला मोकळं व्हायला सहा वर्षं भरावी लागतात. स्टेडियममध्ये माझ्या शेजारी बसणारे म्हातारे आजोबा तो बॉल टाकायला आला की टाळ्या वाजवतात आणि मग तो जायला किती वर्षं उरली ते बोटांवर मोजतात.

यावर मित्राचा तोडगा तयार होता: आयपीएलसारखं करा. 2025 ला प्रत्येक संघाला 120 कोटींची पर्स, अंबानींच्या मुंबईला तेवढीच आणि पंजाबला तेवढीच. मीही ऑफिसात हे अनेकदा अभिमानाने सांगितलंय. एकदा मात्र गणित करून बसलो. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क गेले 48,390 कोटींना, म्हणजे वर्षाला साधारण 9,700 कोटी. दहा संघांच्या पर्स मिळून 1,200 कोटी. सामन्यांचं मानधन वेगळं मिळतं हे धरलं तरी खेळाडूंच्या वाट्याला फार तर सहावा-सातवा हिस्सा, आणि तोही फक्त प्रक्षेपणाच्या पैशातला; तिकिटं, जाहिराती बाजूलाच.

अमेरिकेत फुटबॉल (त्यांचा, हातात बॉल घेऊन पळायचा) आणि बास्केटबॉलमध्येही कॅप आहे. पण ती युनियनशी बसून ठरवलेली, आणि उत्पन्नातला जवळपास अर्धा वाटा खेळाडूंचा, हे त्याच करारात लिहिलेलं. आयपीएलची मर्यादा बोर्ड ठरवतं आणि कळवतं. डिसेंबर 2025च्या लिलावात कॅमेरून ग्रीनवर कोलकात्याने 25.20 कोटींची बोली लावली. त्याच्या हाती येणार 18 कोटी, कारण छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला त्याहून जास्त नाही असा नियम. वरचे पैसे खेळाडूंच्या कल्याणासाठी बोर्डाकडे. हेतू चांगलाच असेल, पण नियम करताना टेबलाच्या पलीकडे कोण बसलं होतं? भारतात क्रिकेटपटूंची संघटना आहे ती निवृत्तांची. आज खेळणाऱ्यांची नाही.

आणि "कोट्यधीशांना कसली युनियन" याचं उत्तर तर माझ्याच गावात आहे. मार्व्हिन मिलर 1966 साली बेसबॉल खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख झाला, तो इथल्या पोलाद कामगारांच्या युनियनमधून. 1968च्या पहिल्या करारात त्याने किमान पगार 6,000 डॉलरवरून 10,000 वर नेला. सुरुवात तळाकडून केली. स्टारला वकील परवडतो. युनियन लागते ती तिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूला, आपल्याकडे रणजीत दिवसाला 40,000 रुपयांवर खेळणाऱ्या नवख्याला.

मग पिट्सबर्गचं काय? इथे माझं माझ्याच शेजाऱ्यांशी पटत नाही. त्यांना कॅप हवी आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्लब आपल्या स्थानिक उत्पन्नातला 48 टक्के भाग एका हंड्यात टाकतो आणि तो सगळ्यांत सारखा वाटला जातो. शिवाय 2025 ला 24.1 कोटी डॉलरच्या पुढे पगार गेला की दंडाचा कर. म्हणजे श्रीमंतांकडून गरिबांकडे पैसा येतोच. तो मैदानात उतरतो का, हा प्रश्न. 2018 साली युनियनने चार क्लबांविरुद्ध तक्रार केली की वाटणीचा पैसा ते संघावर खर्च करत नाहीत. त्या चारांत पायरेट्स होते. डॉजर्सचे हात बांधले म्हणून आमच्या मालकाचा हात सैल होईल असं मला वाटत नाही. मिलवॉकी आमच्यासारखंच छोटं शहर, तरी 2025 ला त्यांनी सर्वाधिक 97 सामने जिंकले. (पुढे डॉजर्सनी त्यांना 4-0 धुतलं, तेही सांगायला हवं.)

माझ्या मते कमाल मर्यादेआधी किमान खर्चाची सक्ती हवी, टीव्हीचा पैसा फुटबॉलसारखा समान वाटला जावा आणि मालकांनी हिशेबाच्या वह्या उघडाव्यात. एवढं झालं तर कॅपलाही माझी ना नाही.

वडील इथे आले होते तेव्हा त्यांना सामन्याला नेलं. खेळ फारसा कळला नाही, नदी आणि पूल आवडले. स्टेडियम 2001 साली मुख्यतः लोकांच्या पैशातून बांधलंय, असं मी सांगितलं. ते हॉटडॉग खाता खाता थांबले.

"आणि मालक तोट्यात आहे म्हणतो?"

"म्हणतो."

"ताळेबंद दाखवला का कुणाला?"

मी म्हटलं, नाही. "आमच्यानेही नव्हता," म्हणाले आणि मोहरी मागितली.