डीजे अंक ‘एका गाण्याचा धनी’ होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला रॅपर डीजे अंक याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: त्याच्या ‘वॉक इट आउट’ या गाजलेल्या गाण्यात ज्यांना शब्द म्हणावं असं काही नाहीच, तो एका गाण्याचा धनी, नंतर कुठे गेला कुणाला ठाऊक, आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी आपले कान किटलेले असताना अमेरिकेतल्या एका डीजेचं एवढं कौतुक कशाला?

भिंतींबद्दलचा तुमचा राग मलाही पटतो. पण तो राग आवाजावरचा आहे, दवाखान्यासमोरून रात्री वाजत जाणाऱ्या ट्रकवरचा आहे. अटलांटाच्या अँथनी प्लॅटने, म्हणजे अंकने, त्याचं ओझं का वाहावं?

शब्दांच्या मुद्द्यावर मात्र मी थांबणार आहे, कारण मूळ मतभेद तिथेच आहे. अंक आधी डीजे होता, रॅपर नंतर झाला. 1990च्या दशकाच्या शेवटी तो अटलांटात शाळा-कॉलेजच्या पोरांच्या पार्ट्या वाजवायचा. डीजे जेली आणि डीजे माँटे यांच्याबरोबर ‘सदर्न स्टाइल डीजेज’ या डीजेंच्या गटात तो घडला आणि 2000च्या सुमारास ‘बिग ऊम्प रेकॉर्ड्स’मध्ये आला. ही कंपनी न्यूयॉर्कच्या काचेच्या इमारतीतली नव्हे. तिची अटलांटात स्वतःची दुकानं होती, तिथे मिक्सटेप, म्हणजे डीजेने गाणी एकापुढे एक जुळवून केलेले संच, विकले जायचे. कोणत्या वस्तीला काय हवंय हे गल्ल्यावर उभं राहून कळायचं.

2006 साली आलेल्या ‘वॉक इट आउट’ची बीट माँटेचीच. म्हणजे वर्षानुवर्षं लोकांना नाचवलेल्या दोन डीजेंनी मिळून केलेलं ते गाणं आहे, आणि ते तसंच ऐकायला हवं. ध्रुवपदात अंक काय करतो? चारही दिशांना हाळी देतो. पश्चिमेकडचे, दक्षिणेकडचे, पूर्वेकडचे, उत्तरेकडचे, सगळ्यांनी पुढे या. अटलांटात ‘तू कुठल्या बाजूचा’ हा प्रश्न साधा नाही. पार्टीला आलेलं पोरगं आपल्या भागाचा अभिमान घेऊनच आलेलं असतं. त्या एकेका भागाचं नाव घ्यायचं, आणि भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या मुलालाही ‘आता माझी पाळी’ असं वाटायला लावायचं, हे डीजेचं कसब आहे. सूचना दिली की अंक पुढचे ठोके मोकळे सोडतो. त्या मोकळ्या जागेत नाचणाऱ्याचं अंग बोलतं. तिथे यमकं ठासून भरली असती तर तुम्हाला गाणं आवडलं असतं कदाचित, पण नाचणारे थबकले असते.

काव्य नाही, हे बरोबर. पण काव्य हे त्या गाण्याचं काम नव्हतं, आणि जे काम होतं ते त्याने फार थोड्यांना जमेल इतक्या चोख केलं, असं माझं ठाम मत आहे.

त्याच बीटवर शब्दांचा खेळही करता येतो, हे अटलांटाच्याच ‘आउटकास्ट’ या रॅप जोडीतल्या आंद्रे 3000ने रिमिक्समध्ये दाखवून दिलं. ढगळ पांढरे टी-शर्ट घालून फिरणाऱ्या पोरांची तो तिथे अशी काही खिल्ली उडवतो की आजही लोक ते कडवं पाठ म्हणून दाखवतात. हा तोच आंद्रे, ज्याने 1995 साली न्यूयॉर्कमध्ये ‘सोर्स’ या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कारांच्या मंचावर, समोरचं पब्लिक हुर्यो करत असताना, अमेरिकेच्या दक्षिणेकडेही सांगण्यासारखं आहे असं ठणकावून सांगितलं होतं. त्याला आपल्या शहरातल्या एका पार्टी डीजेच्या गाण्यावर यावंसं वाटलं. अटलांटाच्या रॅपमध्ये ‘विचार करणारे’ आणि ‘नाचवणारे’ अशा दोन जाती आपण बाहेरून पाडतो. त्यांच्यात तशी भिंत नव्हती.

आता ‘एका गाण्याचा धनी’. ‘वॉक इट आउट’ बिलबोर्डच्या हॉट 100 या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण त्याच ‘बीटन डाउन यो ब्लॉक’ अल्बममधलं ‘टू स्टेप’ही 24व्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं आणि त्याच्या रिमिक्ससाठी गायक टी-पेन आला होता. 2008मध्ये दुसरा अल्बम आला. तो तितका चालला नाही, हे खरं. 2009मध्ये अंकला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. त्यातून तो उठला आणि पुन्हा वाजवायला लागला. गायब झाला तो आपल्या यादीतून, अटलांटातून नाही. 24 जानेवारी 2025ला तो गेला, तेव्हा त्याच्या शहराने केलेला शोक एखाद्या विस्मरणात गेलेल्या माणसासाठीचा नव्हता.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात राहिली होती. 1969मध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची नर्तकी ग्वेन व्हर्डन आणि आणखी दोन नर्तकींनी नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसीने बसवलेला एक नाच केला होता. 2007च्या सुमारास कुणीतरी त्या जुन्या चित्रफितीवर ‘वॉक इट आउट’ चढवलं आणि ती इंटरनेटवर तुफान फिरली. पावलं ठेक्यावर अशी बसतात की नाच याच गाण्यासाठी बसवला असावा असं वाटतं. तीन स्त्रिया आणि मोकळी पार्श्वभूमी हा साचा 2008मध्ये बियॉन्सेच्या ‘सिंगल लेडीज’च्या व्हिडिओत आला, आणि फॉसीचा तो नाच आपण यूट्यूबवर पाहिला होता हे तिने स्वतः सांगितलं आहे. अंकने हे काही ठरवून केलेलं नाही, त्याचं श्रेय मी त्याला देत नाही. पण गाण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीच्या, ब्रॉडवेच्या मुशीतल्या पावलांना जो ठेका इतका नेमका बसतो, त्याला निव्वळ गोंगाट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तुम्ही विचारलंय, नक्की ऐकायचं तरी काय. आधी मूळ गाणं ऐका, फोनच्या स्पीकरवर नको, कारण खालचा बेस त्यात येतच नाही. मग आंद्रेचं रिमिक्स. आणि ‘टू स्टेप’ ऐकताना जमलं तर उभे राहा. पुढचा लेख बिग ऊम्पच्या दुकानांवर आणि डीजे जेलीच्या मिक्सटेपवर लिहिते आहे. त्यावरही असंच रोखठोक लिहा, मी वाट बघेन.